मशीननं खाल्लेला अर्धा किलो

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरून काम करणाऱ्या आयटीवाल्यांसाठी आपण एक लेख छापला. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावून काम करा, आणि हे सगळं करूनही मन लागत नसेल तर इच्छाशक्ती वाढवा.

मी वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि मार्च 2020 पासून तेच काम इथून, सासरहून करते. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याची पडद्यामागची बाजू माझ्याकडे असते. पाचला आमच्या गावात सगळेच उठतात, त्याचं कौतुक कोणाला नाही. मे महिन्यात थंड पाणी टाकीत नसतंच. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर काम बंद पडतं, कारण लाइट गेली की त्याच्याच हॉटस्पॉटवर माझा लॅपटॉप चालतो.

लेख वाईट होता असं नाही. पण तो वाचून असं वाटतं की कामात मन न लागणं हा त्या माणसाचा दोष. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते.

आधी लाइटचं सांगते, कारण इथे सगळ्याची सुरुवात तिथून होते. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की कुलरचा पंखा हातानं फिरवावा लागेल असं वाटतं. पावसाळ्यात वारा सुटला की लाइट जाते. नालीचं खोदकाम निघालं की जेसीबी केबल तोडतो. पहिल्या वर्षी मी रोज चिडायचे. मग चिडणं सोडून दोन कामं केली. राऊटरला एक छोटी बॅटरी लावली. आणि डोकं लावायचं सगळं काम पहाटे साडेपाच ते आठमध्ये ओढून आणलं, कारण त्या वेळी लाइट सहसा असते आणि कुलरच्या घरघरीशिवाय बसता येतं. दुपारी दुसऱ्यांचा कोड वाचायचा, ईमेल लिहायचे, उगाच पराक्रम करायचा नाही.

कोडमधले बदल नोंदवून ठेवायला गिट नावाचं जे साधन आम्ही सगळे वापरतो, ते लिनस टॉरवल्ड्स यांनी 2005 साली त्यांच्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी लिहिलं. त्यात कामाचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो, त्यामुळे नेट नसलं तरी केलेलं काम नोंदवून ठेवता येतं आणि नंतर पाठवता येतं. पुण्यात हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. त्याची किंमत इथे कळली. आता मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी काही ना काही नोंदवते. लाइट गेली तर फार तर अर्ध्या तासाचं काम जातं, आणि पुन्हा बसताना आपण रिकाम्या हातानं बसलोय असं वाटत नाही.

दुसरी सवय मी वावरातून उचलली. आमच्याकडे कापूस वेचणीला येणारी एक बाई, अर्धी राहिलेली पात म्हणजे ओळ दुसऱ्या दिवशी कुठून धरायची हे लक्षात राहावं म्हणून पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, चिंधी बांधून जाते. कोड बरोबर चालतो का हे तपासायला आम्ही छोट्या टेस्ट लिहितो, मी संध्याकाळी उठताना त्यातली एक मुद्दाम नापास, म्हणजे लाल ठेवते. काम गोड करून, सगळं हिरवं करून उठलं की सकाळी कोऱ्या पाटीसमोर बसावं लागतं आणि त्या कोऱ्या पाटीची मला भीती वाटते. लाल टेस्ट दिसली की हात आपोआप चालायला लागतो.

आता त्या पंचवीस मिनिटांच्या घड्याळाबद्दल. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना काढली. त्याच्याकडे स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ होतं, म्हणून तिचं नाव पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. मीही महिनाभर करून पाहिलं. पण पंचवीस मिनिटं सलग मिळायला दार लावलेलं आहे म्हणजे आत कोणीतरी कामात आहे, ही समजूत आधी घरात आणि गल्लीत असावी लागते. आमच्याकडे दार लावलेलं म्हणजे सून झोपली. कोणी ना कोणी ओसरीतून हाक मारणारच, "हायेस का वं घरात?" पीकविम्याचा फॉर्म, ई-पीक पाहणीचं अ‍ॅप, कोणाच्या आधारला मोबाइल नंबर जोडायचा. कॉम्प्युटरवाली म्हणून सगळे माझ्याकडे. सासूबाई त्यांना खुशाल आत पाठवायच्या, "घरीच तं असते ते."

यावर इच्छाशक्ती काय करणार? मी सायंकाळी सहा ते सात ओसरीत खुर्ची टाकून बसायला लागले. फॉर्म तेव्हाच. दोन महिने लोक कुरकुरले, मग सवय झाली. आता सहाच्या आत कोणी आलं तर सासूबाईच दारातून परत पाठवतात, आणि जरा जास्तच कडक आवाजात पाठवतात.

कंपनीकडूनही तेच होतं, फक्त हाक ओसरीतून येत नाही, स्क्रीनवर येते. दर तासाला एक मीटिंग. कोड लिहिताना डोक्यात दहा गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात. एका मीटिंगनं त्या सगळ्या सांडतात, आणि पुन्हा गोळा करायला अर्धा तास जातो. आमच्यापासून सेवाग्राम फार दूर नाही. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले. शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की ते सोमवारी मौन पाळत. पण मौन म्हणजे सुट्टी नव्हे. काम चालूच, लोक भेटायला येतच, गांधीजी काय ते चिठ्ठीवर लिहून देत. मी मॅनेजरला हेच सांगितलं, की मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एकपर्यंत मला बोलवू नका, लिहून पाठवा, मी लिहून उत्तर देते. गांधीजींचं नाव घेतल्यामुळे असेल, ते नाही म्हणू शकले नाहीत. आता आमच्या टीममधल्या सहाही जणांचं तसं आहे.

पण लाइट, वेळ आणि शांतता मिळूनही मन उडतं, हे मी भोगलंय. तेच खरं सांगायचं आहे.

डिसेंबर 2022. परत आलेल्या मालाच्या नोंदींचा एक मोठा भाग मी आठ महिने खपून लिहिला होता. एका शुक्रवारी सांगितलं गेलं की ग्राहकानं बेत बदलला, तो भाग आता नको. कोणी रागावलं नाही, कोणाची चूक नव्हती, पगारही वेळेवर झाला. पण सोमवारी मला लॅपटॉप उघडवेना. उघडला तरी नुसती बघत बसायची. कोणी सांगितलं योग कर, कोणी सांगितलं फिरायला जा. फिरून येऊन पुन्हा तिथेच.

त्यात खोलीचा प्रकार. 2022 च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेनं पुढच्या हंगामाचा कापूस गावात कोणी विकेना. घराघरात गंजी लागल्या. आमची कापूस ठेवायची जागा म्हणजे माझं ऑफिस. खाली-वर, खिडकीपर्यंत कापूस, मधोमध मी आणि टेबल. एक फायदा झाला, कापसामुळे आवाज घुमेना. मीटिंगमध्ये पुण्याच्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "नवा माइक घेतला का गं?" पण अंगाला खाज सुटायची, रात्रभर झोप नाही. आणि भाव तर पुढे उतरतच गेला, ते वेगळं.

तिसरा वेचा चालू होता. वेचणीची मजुरी किलोवर, त्या वर्षी आमच्याकडे किलोला दहा रुपये, आणि चुकारा बाजाराच्या दिवशी. रोज सांजेला मामाजी, म्हणजे माझे सासरे, काट्यावर मोजत, सासूबाई वहीत लिहीत, आणि बाजाराच्या आदल्या रात्री दोघांची बेरजेवरून भांडणं. त्या भांडणाला कंटाळून मी एका रात्री छोटासा प्रोग्राम लिहिला. नाव निवडायचं, आकडा टाकायचा, आठवड्याची मजुरी समोर. दोन तासांचं काम. कौतुक वाटावं असं त्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी तोच वापरून पैसे वाटले. वर सांगितली ती चिंधीवाली बाई पैसे मोजून तशीच उभी राहिली. म्हणाली, "बाई, वीस रुपये कमी हायेत. तुह्या मशीननं माहा अर्धा किलो खाल्ला वं, चार बार."

ती शाळेत गेलेली नाही. मी कोड उघडून पाहिला. वजनासाठी मी पूर्णांक घेतला होता. साडे लिहिलेल्या प्रत्येक आकड्यातला वरचा अर्धा प्रोग्राम टाकून देत होता. तिच्या सहा दिवसांत चार साडे होते. चार अर्धे म्हणजे दोन किलो, दोन किलोचे वीस रुपये. पहिल्या वर्षाचा पोरगा करेल अशी चूक, आणि गोदामांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईनं केली. तिचे वीस आणि बाकीच्यांचे जे निघाले ते मामाजींनी लगेच दिले. मी तिथल्या तिथे, ओसरीत उभ्या उभ्या दुरुस्ती केली. सगळ्या बाया वाकून बघत होत्या.

त्या रात्री मला पोटभर झोप लागली, खाज असून. आठ महिन्यांत जे मिळालं नव्हतं ते एका दुपारी मिळालं. मी लिहिलेलं कोणीतरी वापरलं, चुकलेलं तोंडावर सांगितलं, मी नीट केलं, आणि तिला तिचे पैसे मिळाले. कंपनीत माझं काम पाच माणसांच्या हातून पुढे जातं आणि कुठे जातं ते मला कळत नाही. गोदामात रात्री माल उतरवणारा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता.

म्हणून मी मॅनेजरकडे दुसरी गोष्ट मागितली. पगारवाढ नव्हे (ती मागायला हवी होती, हे आता कळतं). पंधरा दिवसांतून एकदा ग्राहकांच्या तक्रारींच्या कॉलवर मला बसू द्या, मी बोलणार नाही, ऐकेन. तिसऱ्याच कॉलवर एका गोदामातला माणूस म्हणाला की तुमच्या यादीत माल शोधायला तो वरून खाली मोजत बसतो, कारण शोधायची जागा त्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसतच नाही. एका दिवसाचं काम होतं. ते करताना मला घड्याळ लावावं लागलं नाही.

मन अजूनही उडतं कधी कधी. मग मी कॉलवर जाऊन बसते, किंवा मामाजींशी बोलते. रब्बीत शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की ते हरभऱ्याला ओलीत करायला साडेनऊ-दहाला निघतात, नेमक्या त्याच वेळी माझा परदेशातला कॉल संपतो. आम्ही अंगणात चहा घेतो. एकदा त्यांनी विचारलं, "तुही लाइट कवा येते?" मला आधी कळलं नाही. त्यांना म्हणायचं होतं की पलीकडची माणसं कधी जागी होतात. पाच वर्षांत माझ्या कामाबद्दल इतका बरोबर प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता आपल्याकडे दोन मागण्या.

देखभालीसाठी लाइट जाणार असेल तर त्या वेळा आदल्या दिवशी तालुक्याच्या पानावर छापाव्यात. एवढं कळलं तरी आम्ही दिवस आखू शकतो. पिठाच्या गिरणीवाल्याला आणि झेरॉक्सवाल्यालाही त्याचा उपयोग आहे.

दुसरं, तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत आणि त्या भरलेल्या असतात, असाव्यातच. पण दुपारी अकरा ते चार तिथे एक टेबल, एक प्लग आणि बरं नेट आमच्यासारख्यांना भाड्यानं मिळालं तर खोलीत कापूस असण्याच्या चार महिन्यांत मोठी सोय होईल. माझ्या ओळखीत आसपासच्या गावांतून घरून असं काम करणारे आम्ही चौघं आहोत, त्यात दोघी सुना. बॅटरीचा खर्च चौघं मिळून करायची तयारी आहे, आपसात बोलणं झालं आहे. फक्त कोणत्या अभ्यासिकेच्या मंडळाला हे चालेल हे कळायला हवं, म्हणून हे पत्र छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा
(कंपनीमुळे नाव छापू नये.)

ता. क. वेचणीचा प्रोग्राम अजून चालू आहे. यंदा त्या बाईनं पाव किलोचाही हिशेब पाहिजे म्हणून सांगितलंय. काटा पाव किलो दाखवत नाही, त्यामुळे आता मामाजींना नवा काटा घ्यावा लागणार आहे.