जिन्यातलं एव्हरेस्ट

लालबाग, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय अव्या,

गणपतीत तू फोन केलास, दिवाळीत केलास, मी दोन्ही वेळा उचलला नाही आणि नंतर उलट केलाही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर आहे तिथेच आहे, सुलभाचा गुडघा कुरकुरतोय, आई अजून रिमोट कुणाच्या हाती लागू देत नाही. झालं आमचं आरोग्य.

आता मुद्दा. केतकीला एका दिवसात एव्हरेस्ट चढायचंय. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून.

हसून घे. मीही हसलो होतो. तिने मोजपट्टी काढून मला जिन्यात नेलं तेव्हा हसू थांबलं. एक पायरी साडेसोळा सेंटिमीटर. एका मजल्याला अठरा पायऱ्या. तळापासून बाविसाव्या मजल्यापर्यंत तीनशे शहाण्णव पायऱ्या, म्हणजे पासष्ट मीटरच्या थोडं वर. शाळेत आपण एव्हरेस्ट ८८४८ मीटर पाठ केलं होतं, २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ते ८८४८.८६ केलं, आणि त्या शहाऐंशी सेंटिमीटरसाठीही बाईसाहेब सूट द्यायला तयार नाहीत. एकशे छत्तीस वेळा वर. मधे झोपायचं नाही. खाली येताना लिफ्ट.

लिफ्ट म्हटल्याबरोबर तुझ्या कपाळावर आठी पडली, ती मला कुडाळहून इथे दिसली. 'मग डोंगर कुठला, हा तर फाजीलपणा.' तर ऐक. मांडीच्या स्नायूंची खरी वाट चढताना लागत नाही, उतरताना लागते. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, त्यात त्याचे धागे तुटतात. एवढं उतरणं एका दिवसात पायांवर घातलं तर तुटलेल्या स्नायूंमधला माल रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला भारी पडतो, लघवी चहाच्या रंगाची होते. तेव्हा लिफ्ट हा मला या सगळ्या प्रकारातला एकमेव शहाणपणा वाटतो. आणि कुठे नोंदवायचं नाहीये तिला, कुणाचं प्रमाणपत्र नको. शिवाय उंची आणि चढ यातला फरक तू कुणाला शिकवतोस? लडाखच्या खारदुंग लाला जीपमधून गेलास, पाटीवर १८,३८० फूट वाचलंस, तिच्यासमोर छाती काढून फोटो काढलास. नंतर नीट मोजलं तर ती खिंड १७,५८२ फूट भरते. त्यात तुझ्या पायांनी चढलेले फूट किती, तर जीपचं पायदान.

हे खूळ तिच्या डोक्यातलं नाही म्हणा. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेला तो परतलाच नाही, तो मॅलरी आपल्याला तोंडपाठ आहे. त्याचा नातू, नावही जॉर्ज मॅलरीच, १९९४ मध्ये मेलबर्नजवळच्या माउंट डोना बुआंगवर सायकलने एकच रस्ता पुन्हा पुन्हा चढत राहिला, बेरीज एव्हरेस्टएवढी होईपर्यंत. सराव म्हणून! आणि पुढच्या वर्षी खऱ्या एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आला. तिथून हे सुरू झालं. लॉकडाउनमध्ये तर लोकांनी सपाटाच लावला, काँटॅडोर या स्पॅनिश सायकलपटूने २०२० मध्ये सायकलवर साडेसात तासांच्या आत उरकलं. आणि तो डोंगरांत धावणारा किलियन जोर्नेट! २०१९ च्या फेब्रुवारीत नॉर्वेमध्ये स्की लावून एकाच उतारावर चोवीस तास वर-खाली. चढाची बेरीज २३,४८६ मीटर. मी तो आकडा तिला परत वाचायला लावला. अडीच एव्हरेस्टच्याही वर झाले की रे! हा माणूस आहे का कोण आहे?

केतकीचा हिशेब साधा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा बांधला, सपाटीला लागणारा वेळ धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास जास्त. म्हणजे तासाला सहाशे मीटर. त्याने पंधरा तास नुसत्या चढाचे. लिफ्टची वाट बघणं, खाणं, बूट सैल करणं धरून बावीस. घड्याळावर तिचा भरवसा नाही, कारण ते हवेच्या दाबावरून उंची सांगतं आणि आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो-उतरतो. एका जागी बसून राहिलं तरी ते वीसेक मीटर चढवून दाखवेल. म्हणून तळाशी पाटी-खडू घेऊन बंड्या बसणार. बंड्याला पाचापर्यंत मोजता येतं याची मी खात्री करून घेतली आहे.

तिची सरावाची वेळ रात्रीची. परवा मी चौदाव्यापर्यंत सोबत गेलो. वारा नाही, भिंती घामेजलेल्या. नवव्यावर कुणीतरी बोंबील तळत होतं, अकराव्यावर मागच्या वर्षीचं थर्माकोलचं मखर उभं करून ठेवलेलं, त्याच्यामागे दोन सायकली, एक बिनचाकाची. रेफ्यूज एरिया, म्हणजे आग लागली तर जमायची मोकळी जागा, बाराव्यावर आहे, तिथे तिचं टेबल लागणार. दहीभात, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, इलेक्ट्रॉल. चढायलाच साडेचार हजारांच्या आसपास कॅलरी जाणार आणि पोट तासाला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर साखर काही धड घेत नाही, त्यामुळे भूक लागो न लागो, तासातासाला खायचंच. आपण कळसूबाईला पार्ले-जीच्या पुड्यावर गेलो होतो ते सांगितलं तर म्हणाली, "म्हणूनच तर तुमचं तसं झालं ना, बाबा."

तर तसं झालं, तिथेच मला यायचं होतं.

सेक्रेटरीने आधी 'आपत्कालीन जिन्यात व्यायाम करू नये' अशी नोटीस लावली. मग केतकीने सगळ्या मजल्यांवर जाऊन मखरं, सायकली, चपलांची कपाटं हलवायची विनंती केली, फायर ब्रिगेडचे नियम वाचून दाखवले, तेव्हा कपाट सेक्रेटरीचंच सगळ्यांत मोठं निघालं. परवानगी मिळाली. मग तिने एक कागद केला. कुठल्या वेळी कोण खाली, कोण बाराव्यावर, डॉक्टरांचा नंबर, सगळं. शेवटची ओळ लाल मार्करने: 'थांबवण्याचा निर्णय – बाबा. माझं ऐकायचं नाही.'

माझी झोप त्या ओळीने उडाली आहे. चढण्याची मला भीती नाही. पोरगी तयारीची आहे, माझ्या-तुझ्यापेक्षा कितीतरी डोक्याने चालते. पण सतराव्या-अठराव्या तासाला, दुपारी कधीतरी, बाराव्या मजल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहील आणि मला तिच्याकडे बघून ठरवायचंय. कशावरून?

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून जास्तच गोंधळ झाला. पाणी कमी पडलं तर मळमळ, डोकं दुखणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. आणि मीठ न घेता नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, आणि त्याची सुरुवातही मळमळ, डोकं दुखणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. एकाला पाणी पाजायचं, दुसऱ्याला पाणी तोडायचं. बोटांच्या अंगठ्या घट्ट होतात का बघा म्हणाले, वजन करा म्हणाले, चढायला लागल्यापासून वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय. वजनकाटा आणून ठेवलाय. पण नुसती दमलेली असेल तर? दमलेलं माणूसही तसंच दिसतं की! आणि 'बरी आहेस का' विचारलं तर ती हो म्हणणार. मी नव्हतो म्हणालो?

म्हणून तुला लिहितोय. तू मला कळसूबाईच्या शिडीपाशी अडवलंस. सुऱ्या आणि नंदू पुढे गेलेले, पैज माझ्या खिशात. बारीपासून वरपर्यंत आठ-नऊशे मीटरचा चढ त्या दिवशी आपण पुन्हा पुन्हा घेत होतो आणि मी ठणठणीत होतो. तू म्हणालास, ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत स्टेशनं म्हण. मी म्हटली. ठाणे, मुलुंड, भांडुप, विक्रोळी. नाहूर तेव्हा व्हायचं होतं. 'कांजूरमार्ग गाळलंस, चल खाली.' अरे, फास्ट गाडी कांजूरला थांबते का? तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. कांजूरमार्गसाठी तू माझी पैज घालवलीस. त्यानंतर आपण किती महिने बोललो नाही हे तुझ्या आईला विचार, ती बिचारी दोघांच्या घरी चकल्या पोचवत होती.

मी शेवटची चढाई पूर्ण केली असती हे माझं मत कायम आहे. ते बाजूला ठेव. मला विचारायचंय ते वेगळं. कांजूरमार्ग हे निमित्त होतं ना? तू स्टेशनं विचारलीस, म्हणजे त्याआधीच तुला काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं? पाय कसा पडत होता? डोळे? मी काही बोललो होतो का? उतरताना तू माझी सॅक काढून स्वतःच्या पाठीवर घेतलीस, मी ओरडलो, आणि तू एक अक्षर बोलला नाहीस. तू! जो साध्या नळावर पाण्याच्या रांगेत भाषण ठोकायचा. तुला नक्की काय दिसलं होतं ते इतक्या वर्षांत मी विचारलं नाही, कारण विचारलं तर तुझं बरोबर होतं असं होईल. आता विचारतोय. तेवढ्यापुरतंच.

केतकीला स्टेशनं विचारून उपयोग नाही, ती मेट्रोने जाते. सातचा पाढा म्हणायला लावू म्हटलं तर तिला तो ताजीतवानी असतानाही येत नाही. सुलभा म्हणते, तिला तिच्या मावस आत्याच्या सुनेचं नाव विचारा. ते मलाही येत नाही.

आणि समजा दिसलं मला काही. मग म्हणवेल का? एकशे तीस झालेत, सहा राहिलेत, आणि मी म्हणायचं, बस झालं. तू तिसाव्या वर्षी मित्राला म्हणालास, भांडण झेललंस, मोकळा झालास. ही माझ्या घरात राहते. रोज सकाळी मला चहा देते, साखरेशिवाय, वर डोळे वटारून. नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ती नुसती दमली होती, तर? नाही म्हटलं नाही आणि... ते मी लिहीत नाही.

तुझं कसं चाललंय? काजूची कलमं यंदा धरली का? रोहनचं पुण्यातलं बस्तान बसलं असेल. मंदावहिनींची शाळेतली शेवटची वर्षं ना ही, निवृत्तीनंतर त्या तुला घरात किती सहन करतील त्याची मला काळजी वाटते. मोतीबिंदूचं काय झालं, केलंस का? नसशील केलं तर आधी हे पत्र त्यांच्याकडून वाचून घे, मग डॉक्टरकडे जा. विहिरीच्या पंपाची भानगड मिटली असं सुऱ्याकडून कळलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी रात्री दहाला सुरू करणार आहे, रविवारी सकाळी लिफ्टला गर्दी नसते म्हणून. रविवारी संध्याकाळी आठच्या आसपास काय ते कळेल. तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं अजून मिळतायत, मी बघितलं. येशील तर बाराव्यावर माझ्याशेजारी खुर्ची टाकतो, तू नुसतं बघ तिच्याकडे. बोलू नकोस, खालून बंड्या बोलायला आहेच. येणं जमणार नसेल तर लिही. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवलास तर कुडाळला येऊन तो मोडीन. आठवेल तसं लिही, आधी काय दिसलं, मग काय दिसलं, पाय, डोळे, आवाज, सगळं.

तुझा,
सुध्या

ता. क. फोन केलास आणि सुलभाने उचलला तर थांबवण्याचा विषय काढू नकोस. तो अधिकार आपला आहे असं ती धरून चालली आहे.