घराखाली सरपटत शिरलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमचं घर तपासणाऱ्या इंजिनिअर म्हणून तुमची फी आम्ही दिली, पण फीच्या पलीकडे तुम्ही जे केलंत त्याचे आभार राहिले होते. सगळ्यांना वाचता येईल असं पत्र लिहू का, म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही नाव नको एवढंच म्हणालात. म्हणून नुसतं ‘ताई’.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराच्या शर्ली भागातलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा तिथले मोठे भूकंप होऊन काही वर्षं उलटली होती. 4 सप्टेंबर 2010 चा 7.1 तीव्रतेचा धक्का आणि 22 फेब्रुवारी 2011 ची ती दुपार, जिच्यात 185 माणसं गेली, हे सगळं आम्ही फक्त ऐकलं होतं. घराची भूकंप-दुरुस्ती पूर्ण झाल्याचा कागद विकणाऱ्यांनी दाखवला. भिंतींना ताजा रंग, नवा गालिचा. मग हळूहळू दारं चौकटीत अडकू लागली. शेगडीवर कढई ठेवली की तेल नेहमी एकाच कडेला जमायचं. ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी एकच सांगितलं, जुनी लाकडी घरं अशीच असतात.

तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. काहीच म्हणाला नाहीत, खरं तर. ओव्हरऑल चढवलात, टॉर्च घेतलात आणि जमिनीखालच्या त्या हातभर पोकळीत पोटावर सरपटत गेलात. आमच्या आधी आलेल्यांपैकी एकानेही ते झाकण उघडलं नव्हतं. बाहेर आल्यावर तुम्ही फोटो एकेक करून समजावलेत. आधीच्या दुरुस्तीत जॅकने घर उचलून खांबांवर लाकडाच्या चिपा सारल्या होत्या. त्यातल्या कित्येक सैल होत्या, काही खांबांवर तर तुळई टेकतच नव्हती. भोवतीच्या काँक्रीटच्या पायाच्या भेगा बाहेरून इपॉक्सीने बुजवलेल्या आणि आतून तशाच उघड्या. मग प्रत्येक खोलीत जमिनीची पातळी मोजलीत. सरकारच्या मार्गदर्शिकेत 50 मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर जमीन पुन्हा समतल करायचा विचार व्हावा, असं आहे. आमचा फरक त्याच्या बराच पुढे होता.

2015 मध्ये सरकारच्याच बांधकाम खात्याने दुरुस्त झालेली शंभरेक घरं तपासली होती आणि त्यातल्या 32 घरांची कामं नियमांत बसत नव्हती, हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत. त्यातली बहुतेक दुरुस्ती कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, परवानगीशिवाय करायला मुभा होती, म्हणजे झालेलं काम बघायला कुणी तिऱ्हाईत येतच नव्हता. तोवर आम्हाला वाटायचं, आपणच उगाच कटकट करतोय. त्या आकड्याने आम्हाला किती धीर आला, सांगता येत नाही.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते वेगळंच आहे. तुमच्या अहवालात आमच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी होत्या. मागच्या बाजूला वाढवलेल्या धुण्याच्या खोलीचा उतार भूकंपाच्या आधीचा, आणि हॉलमधली एक भेग निव्वळ लाकूड आकसल्याची. माझ्या नवऱ्याने विचारलं, हे लिहायलाच हवं का? तुम्ही म्हणालात, “जे भूकंपाचं नाही ते मी भूकंपाचं म्हटलं, तर जे भूकंपाचं आहे तेही कुणी मानणार नाही.” भरपाई ठरवायला दोन्ही बाजूंचे इंजिनिअर एका टेबलाशी बसले तेव्हा नेमकं तेच घडलं. समोरच्यांनी आधी त्या दोन गोष्टी काढल्या. त्या अहवालात आधीच होत्या. मग त्यांना पायाकडे यावंच लागलं आणि तुमच्या फोटोंना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

कायद्याची गुंतागुंतही तुम्हीच आधी सोपी करून सांगितलीत. तेव्हा घराच्या भूकंप-नुकसानीचे पहिले एक लाख डॉलर, अधिक जीएसटी, सरकारी विम्याकडून आणि त्यावरचं खाजगी विमा कंपनीकडून अशी पद्धत होती. एकदा घर विकलं गेलं की वरच्या रकमेचं काय? 2019 मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरवलं की विमा हक्क लिहून घेतला तरी जुन्या मालकाचा पूर्ण पुनर्बांधणीचा हक्क नव्या मालकाला मिळत नाही. आमच्यासारखे दुरुस्त म्हणून घर घेतलेले लोक मधल्यामध्ये लटकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने अशा घरांसाठी खास मदत जाहीर केली. तिला मुदत होती. तुम्ही वकील नाही हे बजावून सांगितलंत, ग्रेटर क्राइस्टचर्च क्लेम्स रेझोल्यूशन सर्व्हिस या विमा-दाव्यांच्या सरकारी सेवेकडे तेव्हा मोफत सल्ला मिळायचा तिथे पाठवलंत, आणि अर्ज मुदतीत जाईपर्यंत फोन करत राहिलात. त्या फोनांचे पैसे तुम्ही कधीच लावले नाहीत.

एकदा चहा घेताना तुम्ही लातूरकडचं लहानपण सांगितलंत. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, किल्लारीतली दगडमातीच्या जाड भिंतींची घरं, आणि मग आलेले इंजिनिअर, ज्यांच्या मागे मागे तुम्ही शाळकरी पोर फिरत होतात. तिथे विम्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या सासूबाई औशाच्या. त्या तेवढ्यापुरत्या गप्प झाल्या आणि नंतर तुम्हाला उठूच देईनात, हे तुम्हाला आठवत असेल.

घर उचललं गेलं, नवा पाया झाला. या वेळी रीतसर परवानगी, प्रत्येक टप्प्यावर तपासणी आणि शेवटी काम नियमांनुसार झाल्याचं कौन्सिलचं कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट. काँक्रीट ओतण्याआधी सळ्या बघायला तुम्ही पावसात आलात आणि एका कोपऱ्यातलं काम पुन्हा करायला लावलंत. कंत्राटदार वैतागला, पण केलं त्याने.

मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाच्या घरात आता तशीच दारं अडकू लागली आहेत. सरकारच्या त्या मदतीची मुदत 2020 मध्येच संपली, त्यामुळे त्यांचा रस्ता आमच्याहून अवघड आहे. तरी त्यांचं घर बघायला तुम्ही हो म्हणालात. त्याबद्दल त्यांच्या वतीनेही आभार.

आपली कृतज्ञ,
शर्लीतली एक घरमालकीण