तुझ्या साबणाच्या चार वड्या माझ्याकडं आहेत

आई, अण्णा,

दोघांना नमस्कार. फोनवर बोलायला गेलं की आई तू जेवलीस का विचारतेस, अण्णा हरभऱ्याचं सांगतात आणि मला जे बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायलेय. सोनूला म्हणलंय मोठ्या अक्षरात लावून दे नाहीतर वाचून दाखव. आई, ऐकताना मधेच उठून चुलीकडं जाऊ नकोस.

येळवसला, वेळ अमावस्येच्या रानातल्या पूजेला, आले होते तेव्हा निघायच्या दिवशी न्हाणीच्या कोनाड्यातल्या तुझ्या कडुनिंबाच्या साबणाच्या चारही वड्या मी माझ्या बॅगेत टाकल्या. तू दोन दिवस शोधत होतीस म्हणं, उंदरानं नेल्या असं वाटून सोनूला पिंजरा लावायला लावलास. उंदरानं नाही नेल्या आई, मी नेल्या. आणि तिथं जी पांढरी वडी ठेवलेली आहे ती पण माझीच. सोनूनं पिंजऱ्याचं सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही, तोंडावर सांगायचा धीर झाला नव्हता हेच खरं. बचत गटातल्या ट्रेनिंगनंतर तू पहिला साबण पाडलास तेव्हा मला व्हिडिओ कॉलवर वडी कापून दाखवली होतीस, तो चेहरा आठवला की माझी जीभच उचलत नव्हती.

पण रानात पूजेच्या कोपीपाशी अण्णांनी आंबील शिंपडायला बाह्या वर केल्या आणि मी त्यांची कोपरं बघितली. कोपराच्या आतली कातडी जाड, काळी, चिरा पडलेली. मानेवर तसंच, पापण्यांवर पण. आणि भज्जी खाताना सारखं खाजवणं चालू. अण्णा तुम्ही म्हणालात "थंडीचं आहे, जाईल". मागच्या थंडीत पण हेच म्हणाला होता. बापूकाका पण असंच म्हणत म्हणत किती दिवस काढले ते मी परत लिहीत नाही.

आता आई, तुझा साबण वाईट आहे असं मी म्हणत नाही, हे वाक्य दोनदा वाच. बाजारच्या साबणातून ग्लिसरीन बऱ्याचदा काढून घेतात, तुझ्यात ते राहतं, चांगल्या कातडीला तो छानच आहे. पण कडुनिंब घाला नाहीतर हळद, कॉस्टिक सोडा आणि तेल एकत्र आल्याशिवाय साबण होतच नाही, तू स्वतः हातमोजे घालून ढवळतेस ते उगीच का? अण्णांना कळेल असं सांगते. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (pH) असतो ना, तसा कातडीचा पण सामू असतो, 5 च्या आसपास, म्हणजे आंबट बाजूला. साबणाचा 9 ते 10. चांगल्या कातडीला हे सोसतं, थोड्या वेळात ती परत जागेवर येते. इसब झालेली कातडी आधीच चिरलेली, तिच्यातली ओल टिकत नाही, तिला रोज साबण म्हणजे चोपण रानात अजून खार टाकल्यासारखं. त्यात आपलं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो तेच पाणी. त्या क्षारात साबणाचा फेस होत नाही, साका होतो, आणि तो अंगावर तसाच राहतो. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आपलं बोअर अजून खाली नेलं, तेव्हापासून पाणी जास्तच जड झालंय असं तूच म्हणतेस. आणि तू त्या साबणात कापूर घालतेस, थंड वाटतं म्हणून अण्णांनाच आवडतं मला माहीत आहे, पण चिरलेल्या जागी कापूर झोंबतो, खाज अजून चाळवतो. मी ठेवलेली वडी दिसायला साबण असली तरी कॉस्टिकची नाही, तिचा सामू कातडीच्या जवळ आहे, वास नाही, फेस कमी येतो. फेस नाही म्हणजे मळ निघत नाही असं समजू नका. घामाच्या जागी आणि पायाला लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं.

मला लहानपणी गुडघ्यामागं व्हायचं ते आठवतं का गं तुला? रात्री खाजवू नये म्हणून जुन्या लुगड्याचं फडकं माझ्या दोन्ही हाताला बांधायचीस आणि मी रडले की ते सोडून स्वतःच्या हातानं नुसतं थोपटत बसायचीस, खाजवू द्यायची नाहीस. खोबरेल तेल कोमट करून लावायचीस. कुणी शिकवलं होतं तुला? आता पुण्यातल्या डॉक्टरीणबाई फी घेऊन मला तेच सांगतात. अंग ओलं असतानाच, तीन मिनिटांच्या आत तेल नाहीतर साधं व्हॅसलिन लावायचं म्हणजे ओल आत राहते. खोबरेल तेलानं कातडीवरचे जंतू पण कमी होतात असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे तुझं अर्धं औषध बरोबरच आहे आई, ते तेल चालूच ठेव, फक्त त्यात कापूर नको, लसूण नको, काहीच नको. अण्णांचा दमा, आत्याची सकाळची शिंकांची माळ, माझे गुडघे, हे सगळं एकाच घराण्यातलं आहे, डॉक्टर म्हणतात असं एकत्रच येतं. संसर्ग नसतो याचा. अण्णांचा टॉवेल वेगळा ठेवलास तो त्यांच्या मनाला लागलाय, ते बोलणार नाहीत, मी सांगते.

दुसरं मला अण्णांशी बोलायचंय. अण्णा, तुमचं अंग बनियनच्या आत चांगलं आहे आणि उघड्या जागीच जास्त आहे, हे माझ्या डोक्यातून जाईना. धुऱ्यावर कमरेएवढं गाजर गवत उभं आहे आणि तुम्ही ते उघड्या हातानं उपटता. त्या गवतानं शेतकऱ्यांना असंच होतं, मान, पापण्या, कोपराची घडी, कारण त्याची बारीक कुसं आणि धूळ वाऱ्यानं पण अंगावर येते, वाळलेलं सुद्धा सोडत नाही. 1955 च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत आलं, म्हणून तुमच्या लहानपणी धुऱ्यावर नव्हतं म्हणता ते खरंच असणार. नुसता इसब आहे का गवताची ॲलर्जी का दोन्ही, हे मी सांगू शकत नाही, तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून मी ठरवून टाकलंय. लातूरच्या स्किनच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली, सकाळी साडेदहा. विचारलं असतं तर तुम्ही "बघू तुरीचं झाल्यावर" म्हणाला असता, तुरीनंतर हरभरा, हरभऱ्यानंतर लग्नसराई, म्हणून विचारलं नाही, राग माना पण जा. सोनू गाडी घेऊन येतो. ॲलर्जी कशाची ते कळायला पाठीला पट्ट्या लावून बघायला सांगतील कदाचित, त्या दोन दिवस काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. दोन दिवस बाजेवर पडून राहा, रान कुठं जात नाही. धुऱ्याच्या गवताला दोन माणसं मी सांगितली आहेत, पैसे दिले, ते हातमोजे घालून मुळासकट काढतील. तुम्ही जवळ उभं पण राहू नका आणि पेटवायला लावू नका.

मेडिकलवरून आणलेली ती ट्यूब सोबत न्या. लाजू नका, किती वर्षं लावताय ते खरं सांगा. त्यात जोराचं स्टिरॉईड असतं, आठ दिवसात छान वाटतं आणि मग कातडी कागदासारखी होते. 2018 पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे तरी मिळतात. स्टिरॉईड म्हणजे विष नाही, डॉक्टर देतील तेवढंच, सांगतील तेवढेच दिवस लावलं तर तेच औषध आहे, तेव्हा त्यांनी दिलं तर घाबरून टाकून पण देऊ नका.

आणि रुईचा चीक कुणीही सांगितला तरी लावायचा नाही, कुणीही म्हणजे मामी पण. लिंबू चोळून उन्हात बसायचं नाही, त्यानं भाजल्यासारखं होतं. आंघोळीचं पाणी कढत नको. चुलीवरचं पाणी बंद करा म्हणत नाही, तुम्हाला त्याशिवाय आंघोळ केल्यासारखं वाटत नाही, फक्त कोमट घ्या आणि दहा मिनिटात बाहेर. पंचानं घासायचं नाही, टिपायचं. नखं सोनूकडून कापून घ्या. घोंगडं थेट अंगावर नको, वाकळ घ्या, तुमची ती निळ्या काठाची आहे ना आजीची, तीच घ्या. आई, तू त्यांचं वांगं-दही बंद केलंस म्हणं. चालू कर, डॉक्टर म्हणाले तरच बंद कर. माणूस आधीच खाजेनं रात्र रात्र जागतोय, त्याला जेवू तरी दे नीट.

गटाचा साबण तू पाडत राहा, माझ्या ऑफिसात सहा जणींनी मागितलाय, मी पैसे पाठवते. फक्त पुडक्यावर "खाज, इसब बरे होते" असं छापलंय तेवढं काढा, कुणाच्या तरी घरी अण्णांसारखं कुणीतरी असेल.

एक वडी मी वापरायला काढली, माझी कातडी आता चांगली आहे, मला चालतो. न्हाणीत कडुनिंब-कापराचा वास आला की वाटतं दाराबाहेर तूच उभी आहेस, "पाणी पुरलं का गं" म्हणत.

तुमची,
ताई

ता. क. आई, दारातली शेवंती उपटू नको. ती गाजर गवताच्या कुळातली आहे म्हणून तिचा पण त्रास होऊ शकतो, पण तू ती पार माहेराहून आणलीस. पूजेची फुलं सध्या तू तोड, अण्णांनी जास्वंद तोडायची.