आधी फाइल दाखवलीत, त्याबद्दल

दादा,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण वाचलंत तर ओळखालच, पितळेचे दोन स्टँड आणि बाबांची फाइल म्हटल्यावर दुसरं कोण असणार. त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा मी नुसतं थँक्यू थँक्यू करत राहिलो, धड काही बोलताच आलं नाही, आणि तुम्ही जिना उतरून गेलातसुद्धा. आठ दिवस झाले तरी ते राहिलेलं बोलणं डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहूनच टाकतोय.

तुम्ही यायच्या आधीचे बारा दिवस आमचे कसे गेले ते तुम्हाला माहीत नाही. कॉम्प्युटरचा जुना मदरबोर्ड, म्हणजे आतले सगळे भाग ज्याला जोडतात तो बोर्ड, गेला त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याच्यावरचे कपॅसिटर फुगलेले मी स्वतः बघितले होते. त्याच प्रोसेसरला बसेल असा नवा बोर्ड शोधला, ज्यांच्याकडून घेतला त्यांनीच कॅबिनेटमध्ये बसवून दिला, घरी आणून बटण दाबलं तर पंख्याने एक झटका दिला, लाइट लुकलुकली आणि गप्प. परत दाबलं, परत तेच. ना बीप, ना डिस्प्ले. त्यांना फोन केला तर म्हणे "आमच्याकडे तर चालू होता." आता मला कळतंय की कॅबिनेटमध्ये आवळल्यावर त्यांनी बटण दाबूनच बघितलं नसणार, पण तेव्हा मला वाटलं घरी आणताना मीच काहीतरी हलवलं, आणि दोन रात्री मी त्याच विचारात काढल्या.

दुसरे आले त्यांनी रॅम काढली, खोडरबराने घासली, परत लावली, काही नाही. मग म्हणाले एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, गेलाय. बदलला. पंख्याचा तोच झटका. "मग प्रोसेसरच गेला असणार," असं म्हणून बॅग उचलली. 'असणार'वर किती वस्तू बदलायच्या माणसाने? तिसऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा, त्यांनी कॅबिनेट उघडलंच नाही. वरून एक टिचकी मारली आणि म्हणाले, कशाला जुन्यात जीव घालताय, नवीन घ्या. मी डेटाचं विचारलं तर "बघू, फॉरमॅट मारावा लागेल बहुतेक." म्हणजे सगळं पुसायचं, आणि हे बाबांच्या समोर!

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षं रोज सकाळी दोन बोटांनी टाइप करत ते त्यांच्या नोकरीच्या आठवणी लिहीत होते, कुठल्या गावी बदली झाली, कोण साहेब कसा होता, आई तेव्हा काय म्हणाली, सगळं. ते सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. बॅकअप का नव्हता हे सगळ्यांनी विचारलं, तुम्ही सोडून. मला स्वतःलाच लाज वाटत होती हो, त्यात आणखी विचारायचं काय. 'फॉरमॅट' शब्द ऐकल्यापासून बाबा त्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागत होतं.

आणि मग तुम्ही आलात. ओळख म्हणाल तर माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीची ओळख. दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी बघून रात्री साडेआठला आमच्या दारात. मला वाटलं आता परत रॅम, परत खोडरबर. तुम्ही बसलात आणि विचारलंत, "यात काय अडकलंय तुमचं?" कॉम्प्युटरला काय झालंय हे नाही विचारलंत. मी सांगितलं. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ते कुलूप, लावलाय का ते विचारलंत, मी नाही म्हटल्यावर म्हणालात बरं झालं, नाहीतर बोर्ड बदलल्यावर ती 48 आकडी किल्ली शोधत बसावं लागलं असतं. मग बाकी कशाला हात न लावता आधी एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्क, काढलीत, तुमच्या त्या छोट्या केबलने लॅपटॉपला जोडलीत आणि बाबांना हाक मारलीत. "काका, जरा इकडे या. तुमची फाइल हीच का?"

बाबा आले. फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, ते मी बघितलं. माझ्याही पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काही झालं नाहीये काका. तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, तो माझ्याकडे नाही, म्हणून असं दिसतंय." बाबांच्याच डिस्कवरच्या फॉन्टच्या फोल्डरमधून तो उचललात, लॅपटॉपवर टाकलात, फाइल बंद करून परत उघडलीत, आणि सगळं मराठीत आलं. बाबा वाकले. चष्मा वर केला. पहिला पॅरा वाचला. आणि काय म्हणाले, तर "इथं 'नियुक्ती'तला नि दीर्घ पडलाय."

बारा दिवसांत बाबा पहिल्यांदा बाबांसारखे बोलले.

तुम्ही हसलात नाहीत. "तुमच्याच कॉम्प्युटरवर सुधारा काका, इथून मी काही सेव्ह करत नाही," एवढंच म्हणालात, फाइल पेनड्राइव्हवर घेतलीत आणि तो माझ्या नाही, बाबांच्या हातात दिलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हं, आता निवांत बघू." खरं सांगतो, त्यानंतर कॉम्प्युटर चालू झाला नसता तरी मला चाललं असतं.

पण झाला. पुढचं मला निम्मंच कळलं, पण जे कळलं ते चांगलंच लक्षात राहिलंय. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवलात, प्रोसेसर, एक रॅम आणि वायरी एवढंच लावून बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलंत, आणि पंखा फिरला तो फिरतच राहिला. एक बीप! म्हणजे बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, एसएमपीएस तर नवाच (जुनाही चांगलाच होता, ते कोणाला सांगू). मग रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारून मलाच मोजायला लावलंत. बोर्डाला भोकं नऊ, पत्र्यावर, बोर्ड ज्यांच्यावर ठेवून स्क्रूने आवळतात ते पितळेचे स्टँड अकरा. जुना बोर्ड लहान होता, 24.4 बाय 24.4 सेंटीमीटरचा, नवा तेवढाच रुंद पण 30.5 लांब. लहान बोर्डाचे दोन स्टँड तसेच राहिले होते, मोठ्या बोर्डाला तिथे भोकंच नाहीत, त्यामुळे ते मागून थेट बोर्डाला टेकत होते. शॉर्ट व्हायचं आणि बटण दाबलं की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. बोर्ड उलटा करून तुम्ही दाखवलात तर तिथे बारीक गोल खूण उमटलेली. दोन स्टँड पकडीने फिरवून काढायचे, एवढंच काम होतं, आणि त्यासाठी तीन जणांनी आम्हाला बारा दिवस नाचवलं.

मी रागाने काहीतरी बोललो त्यांच्याबद्दल, तर तुम्ही म्हणालात, "होतं हो. माझ्याकडूनही एकदा राहिला होता." तुम्ही मोठ्या मनाचे, मी नाही. चूक कोणाकडूनही होते हे मला मान्य आहे, राग त्याचा नाहीच. उघडून न बघता ठाम बोलायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे एकदाही बघायचं नाही, त्याचा आहे. तुमच्यापेक्षा जास्त शिकलेले, मोठी पाटी लावलेले लोक मी बघितलेत, पण घरात शिरल्यावर सगळ्यात जास्त घाबरलेलं माणूस कोण आहे हे ओळखून आधी त्याच्याशी बोलणारे फार थोडे. अशी माणसं अजून आहेत म्हणून तर चाललंय, नाहीतर आपण सगळे एकमेकांना "फॉरमॅट मारा" म्हणत बसलो असतो.

बाकी सगळं ठीक आहे. विंडोज दोन दिवस अ‍ॅक्टिव्हेट करा, अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून मागे लागलं होतं, तुम्ही सांगितलं तसं करून घेतलं. बाबा परत सकाळी बसतात. ती 'नियुक्ती' सुधारली. लिहून झालं की पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि तो शर्टाच्या खिशात ठेवतात, धुवायला जायच्या आधी दोनदा काढावा लागलाय. ते दोन स्टँड मी टाकून देणार होतो, पण त्यांनी पेनांच्या डब्यात ठेवलेत.

आणि हो, तुमची ती डिस्क जोडायची केबल आमच्याकडेच राहिलीय. मी कुरियर करतो म्हटलं तर बाबा नाही म्हणाले. न्यायला तुम्हीच यायचं आहे, रविवारी आलात तर बरं, तोवर त्यांचं बदलीचं प्रकरण लिहून होईल.