आरोग्य संशोधन वर्गासाठी आवाहन : मुलांचे मानधन तरी उभे राहू दे

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या आत रक्कम जमली नाही तर पदवीच्या मुलांचा आरोग्य संशोधन वर्ग यंदा भरणार नाही, असे परवाच्या बैठकीत ठरले. म्हणून हे घाईचे पत्र.

वर्गाचे काम आपण जाणताच. बीए, बीएस्सी, नर्सिंगची मुले चार महिने वाड्यावस्त्यांवर जातात आणि एकाच जिल्ह्यात कुणाला उपचार वेळेत मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि का, हे शोधतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. कोल्हापूर जिल्ह्याचाही आकडा मिळतो, पण त्या सरासरीत गगनबावड्याकडचा धनगरवाडा आणि ताराबाई पार्कातला बंगला शेजारी शेजारी बसतात. वाडीचे दुखणे वाडीवर जाऊनच मोजावे लागते.

मागच्या तुकडीतली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शिरोळकडे ऊसतोड बायकांच्या खोपीवर गेली होती. प्रश्नावलीत होते, ‘दवाखाना किती लांब?’ एक बाई म्हणाली, "मुकादम सोडंल तवा जवळ." दवाखाना रस्त्यापलीकडेच होता, पण एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि तो उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढतो. पोरीने त्याच रात्री प्रश्नावलीत ‘खाडा’ हा रकाना वाढवला. पुढे ग्रामपंचायतीत अहवाल मांडताना तिला सर्वांत जास्त प्रश्न त्याच रकान्यावर आले. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. कॉलेजच्या फील्ड प्रोजेक्टचे काय होते ते झेरॉक्सवाल्यांना विचारावे.

इथवर आलो ते आपल्याच माणसांच्या जिवावर. २०१९च्या महापुरात ज्यांच्या दुकानात छातीएवढे पाणी होते, त्या शाहूपुरीतल्या व्यापारी बंधूंनी दुकान पुन्हा लावायच्या आधी पहिल्या तुकडीचे एसटी भाडे दिले. नाव छापायचे नाही ही त्यांची ताकीद आजही पाळतो. आपल्या निवृत्त मेट्रनबाईंनी एकेका मुलाला रक्तदाब मोजायला शिकवले आणि संमतीपत्र वाचून दाखवल्याशिवाय सही घेणाऱ्याला वर्गाबाहेर उभे केले. गुजरीतल्या आजींनी पाटल्या मोडून पहिला संगणक घेऊन दिला. त्यांचे ऋण फिटणार नाही.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना नेमणूक दिली ती कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाने. हजर होण्याआधीच त्या गेल्या, पण बोलावले ते आपल्या गावाने. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे काढली, कारण शिकणाऱ्याच्या पोटाची सोय आधी लागते. आमचेही मागणे तेवढेच आहे. सुट्टीत कॅटरिंगला गेले तर मुलाच्या हातात चार पैसे पडतात, वर्गाला आले तर पदरचे जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे खरी, पण ती वैद्यकीच्या मुलांची. आपली मुले त्यात बसत नाहीत.

मागच्या आवाहनाला मात्र "बघू की" आणि "सर्व्हेच तर आहे, पोरं फुकट करतील" अशी उत्तरे आली. पेठेच्या संघाला बूट घ्यायचे म्हटले की एका रात्रीत पैसे गोळा होतात. फुटबॉलशी वैर नाही, आमचे खजिनदार स्वतः शाहू स्टेडियमवरून घसा बसवून घरी येतात. पण लागायचे ते मनाला लागलेच.

तपशील : विद्यार्थी १५, मानधन दरमहा २,५०० प्रमाणे ४ महिने, एकूण १,५०,००० रु. प्रवास, रक्तदाब यंत्रे, छपाई, बायोडाटा-मुलाखत शिबिर ६०,००० रु. एका मुलाचा पूर्ण भार १४,००० रु., निम्मा किंवा जमेल तेवढाही चालेल. धनादेश मंडळाच्या नावे, रोख फक्त खजिनदारांकडे, पावती जागेवर. क्यूआर कोड कार्यालयाच्या दारावर. वेळ संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास उतरतात, त्याआधी प्रशिक्षण संपवायचे आहे. शनिवारी शिकवायला येणारे डॉक्टर, प्राध्यापक, संगणक जाणणारे हवेतच. जुने लॅपटॉपही चालतील, पण कृपया चार्जरसकट द्यावेत.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)