पुनर्मुद्रणाचे साल आवृत्तीचे म्हणून दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागासाठी मी गेल्या महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि शांतता उभारणी या विषयावरील एक इंग्रजी पुस्तक मागवले. समोर दोन पुस्तके होती, एक 2012 सालचे आणि दुसरे आपल्या नोंदीनुसार 2021 सालचे. विभागाची तरतूद मात्र एकाच पुस्तकापुरती होती. अनुक्रमणिका दोहोंचीही दिलेली नव्हती आणि परिचयाचा मजकूर तर शब्दशः एकच होता, त्यामुळे नंतरचे पुस्तक अधिक अद्ययावत असेल एवढ्याच भरवशावर मी दुसरे निवडले.

पुस्तक हाती आल्यावर कळले की 2021 हे केवळ पुनर्मुद्रणाचे साल असून मजकूर 1999 चा, जसाच्या तसा आहे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस-घाली यांचा 1992 चा शांततेविषयीचा अहवाल, रुवांडातील नरसंहार, बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथील हत्याकांड आणि बोस्नियातील युद्ध थांबवणारा डेटन करार इथवरचे विवेचन उत्तम आहे, हे मी नाकारत नाही. पण आम्हाला शिकवायचे आहे ते नेमके त्यापुढचे. शांतिसैनिक हजर असतानाही रुवांडात आणि बोस्नियात कत्तली का थांबल्या नाहीत, यातून घ्यायचे धडे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या ब्राहिमी अहवालाने 2000 मध्ये मांडले. त्याच वर्षी सुरक्षा परिषदेच्या ठराव 1325 ने शांतताप्रक्रियेतील स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्न पुढे आणला. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा शांतता उभारणी आयोग स्थापन झाला आणि बुरुंडी व सिएरा लिओन हे देश सर्वप्रथम त्याच्या विषयपत्रिकेवर आले. 2007 मध्ये लायबेरियात गेलेल्या भारताच्या महिला पोलीस पथकाविषयी तर आमच्या विद्यार्थिनी आवर्जून विचारतात. यांतले काहीही 1999 च्या पुस्तकात असणे शक्यच नव्हते.

आपल्या ग्राहक सेवेने मात्र ‘पुस्तक सुस्थितीत पोहोचले आहे, सबब परत घेता येणार नाही’ असे कळवले. बांधणी सुस्थितीत आहे, पण माझी तक्रार बांधणीविषयी नाहीच. जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट आहे.

तरी हे पुस्तक परत घेऊन 2012 चे पाठवावे. किमतीत फरक असल्यास तो भरण्यास विभाग तयार आहे. तसेच नोंदीत मूळ आवृत्तीचे साल आणि अनुक्रमणिका द्यावी. देयक, त्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि प्रकाशन-तपशिलाच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका