होडीचं इंजिन खोलण्याआधी टाकी बघा

संपादक महोदय,

‘इंजिनात बिघाड झाल्याने होडी भरकटली’ अशी बातमी हंगाम सुरू झाला की आपल्या पत्रात वाचायला मिळते. बिघाड कसला होता, ते मात्र बातमीत नसतं. माझं सगळं आयुष्य ठाणे-बेलापूर पट्टीत डिझेल जनरेटरवर फिटर म्हणून गेलं. आता बेलापूरला राहतो आणि दिवाळे बंदरावरून कुणाचं बोलावणं आलं की जातो. तिथे पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की इंजिन बंद पडलं की सगळ्यात महाग भागाला पहिला पाना लागतो. दोष बहुतेक वेळा स्वस्तातल्या जागी असतो, पण तिथपर्यंत कुणी जातच नाही.

गेल्या हंगामातलं एक उदाहरण देतो. नेरूळच्या एका गृहस्थांची शिडाची होडी आहे, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. एका सेल्फमध्ये सुरू व्हायचं, पंधरा-वीस मिनिटं छान चालायचं, मग आवाज खाली-वर होऊ लागायचा आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. एका वर्कशॉपने डिझेल दाबाने सोडणारा पंप गेल्याचं सांगितलं. पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल सगळं उतरवून कॅलिब्रेशन झालं, भरमसाट बिल झालं, आणि होडी पाण्यात गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न. मग त्यांना सांगण्यात आलं, इंजिनच बदला.

पंप झिजला असेल तर इंजिन तापल्यावर सुरू व्हायला कुरकुर करतं. हे तर विसावा घेऊन लगेच उठत होतं. चालता चालता दम तोडणारं आणि थांबल्यावर उठणारं इंजिन बहुधा उपाशी असतं, म्हणजे त्याला डिझेल पुरत नसतं. ते ठरवायची रीत जुनी आहे. होडीची टाकी आणि तिचे पाइप बाजूला ठेवले. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून तो इंजिनाच्या वर दोरीने टांगला. कॅनमधून पाइप थेट इंजिनाच्या फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला जोडला, आणि नोझलची परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, नाहीतर परतीचं डिझेल टाकीत जातं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. आतली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू घट्ट. होडी जेट्टीला दोरांनी आवळून बांधली आणि गिअर टाकला. तासभर इंजिन एकसुरात चाललं. दोष टाकीच्या बाजूला आहे हे तिथेच ठरलं.

टाकीतून ओढणारी नळी बाहेर काढली. तिच्या टोकाच्या जाळीवर काळा बुळबुळीत थर होता, बोटाने ओढला तर तार सुटत होती. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर तशीच ठेवली की दमट हवेतलं पाणी आत साचतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. इंजिन चालू असलं की तो गाळ जाळीवर ओढला जातो, बंद झालं की सुटून खाली पडतो. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचं कारण एवढंच. टाकी उपसून धुतली, जाळी साफ केली, फिल्टर बदलले आणि पावसाळ्याआधी टाकी गच्च भरून ठेवायला सांगितलं. होडी आजही त्याच इंजिनावर चालते आहे.

कॅनवर चाललं, पण जाळी स्वच्छ निघाली, तर पाइप तपासावा. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते फीड पंप या भागात, सैल जोडातून हवा आत जाते, पण डिझेलचा थेंबही बाहेर येत नाही, म्हणून नुसतं बघून गळती सापडत नाही. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे दिसतात. पुष्कळदा एक दबलेला तांब्याचा वायसर बदलला की काम होतं.

शिडाची होडी असली की इंजिनाकडे दुर्लक्ष होतं, हेही सांगायला हवं. पनवेल खाडीत वारा पडलेला आणि ओहोटीचं पाणी तोंडावर असेल तेव्हा शीड काय करणार? बॅटरी चार्ज करायला इंजिन तासन् तास बिनगिअरचं चालवलं तर आत कार्बन धरतो. इंजिनावर नीट लोड येऊ द्यावा.

मासेमारीच्या होड्यांचं दुखणं थोडं निराळं. पावसाळ्यानंतर काळा धूर दिसला की नोझलवर संशय जातो. न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण वेग घेतं आणि गिअर टाकल्यावर दबतं, तर आधी पंख्यावर आणि बुडाला कालवं बसली आहेत का ते बघावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्यात दोन प्रकार: डोळे चुरचुरले आणि पाण्यावर तवंग आला तर न जळलेलं डिझेल, नुसती वाफ असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

एक धोका मला फार काळजीचा वाटतो. ज्या इंजिनांच्या सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं, तिथे इंजिन सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहिलं तर पाण्याचा पंप फिरत राहतो, पण पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो, पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फक्त हवा काढायची होती, तिथे अख्खं इंजिन जातं. दोन-तीनदा सेल्फ मारून सुरू झालं नाही तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि इंजिन धरताक्षणी उघडावा, नाहीतर पंपातला रबरी इंपेलर जळतो.

हे सगळं एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, दोन दिवसांत शिकवता येईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल शाखेच्या शिक्षकांनी मिळून तेव्हा दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोलीजवळचं दिवा इथे बंदरावरच वर्ग घ्यावेत. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, की होडी परत आल्यावर तांडेलाला भेटून नेमकं काय बिघडलं होतं ते छापावं. एकाचं वाचून दुसरा आपली टाकी उघडून बघेल.

वर्गाला फार काही लागत नाही. एक कॅन, थोडा पारदर्शक पाइप, वायसरचा डबा आणि एक चालू जुनं इंजिन. इंजिनाची सोय मी करतो, आणि शिकवायलाही येईन.

– एक निवृत्त डिझेल फिटर, बेलापूर, नवी मुंबई